खिशातले राजीनामे

२०१४ ते २०१९ मधल्या मराठी बातम्या ज्यांनी नेमाने बघितल्यात त्यांना 'आमचे राजीनामे खिशात आहेत' हे वाक्य तोंडपाठ असणार. शिवसेना सत्तेतही होती आणि विरोधातही होती, मंत्री दर थोड्या दिवसांनी खिशाला हात लावायचे आणि तो कागद काही बाहेर यायचा नाही. त्यावर इतके जोक झाले की शेवटी जोक करणारेच कंटाळले. मीपण हसलोय भरपूर. पण नंतर असं वाटायला लागलं की आपण हसतोय कशाला, राजीनामा ही धमकी द्यायच्या लायकीची गोष्ट आहे एवढं तरी त्यांना वाटत होतं. आता तेही गेलं. आता राजीनामा म्हणजे लेटरहेडवर दोन ओळी, फोटो काढून सोशल मीडियावर टाकलेला, 'वैयक्तिक कारणास्तव', आणि खाली 'दिलेल्या संधीबद्दल मनःपूर्वक आभार'. का गेला ते कोणालाच कळत नाही, म्हणजे सगळ्यांनाच माहीत असतं पण त्या कागदावर नसतं.

मला जुन्या संसदेच्या चर्चा वाचायचा नाद आहे. नेटवर पीडीएफ मिळतात, स्कॅन वाकडंतिकडं असतं, मध्येच पानं गायब, आणि एक चर्चा शोधायला जावं तर भलत्याच चर्चेत रात्र जाते. त्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय तो राजीनाम्यांच्या निवेदनांवर. तत्त्वासाठी पद सोडलं म्हणून ज्यांची नावं आपण घेतो ती माणसं नेमकं काय बोलली होती, हे बघायची उत्सुकता. आणि जे सापडलं ते मला वाटलं होतं तसं नव्हतं.

राजीनाम्याचा विषय निघाला की मराठी माणूस आधी रामशास्त्री प्रभुण्यांकडे धावतो. नारायणरावांचा खून, राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणं, पुणं सोडून निघून जाणं, हे शाळेपासून ऐकलेलं. मला त्यातला नंतरचा भाग जास्त आवडतो जो सहसा कोणी सांगत नाही, की राघोबांची सत्ता गेल्यावर शास्त्रीबुवा परत आले आणि पुढे बरीच वर्षं न्यायाधीश म्हणून कामही केलं. म्हणजे खुर्चीशी त्यांचं काही भांडण नव्हतं. असो, रामशास्त्र्यांना इथेच नमस्कार, कारण त्यात दंतकथा किती आणि इतिहास किती या वादात मला पडायचं नाहीये आणि विसाव्या शतकात आपल्याकडे भरपूर माल आहे.

१९५६ साल घ्या. एकाच पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळातून, चार महिन्यांच्या अंतराने दोन मोठे राजीनामे. त्यातला नंतरचा अख्ख्या देशाला माहितीये. सप्टेंबरच्या सुरुवातीला मेहबूबनगरजवळ पूल कोसळला, शंभरावर माणसं गेली, रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, नेहरूंनी तो घेतला नाही. नोव्हेंबरात मद्रास राज्यात अरियलूरला पुन्हा तेच, पुन्हा शंभरावर मृत्यू, आणि या वेळी शास्त्रीजी मागे हटले नाहीत. नेहरूंनी संसदेत सांगितलं की यात त्यांचा दोष आहे म्हणून मी राजीनामा स्वीकारत नाहीये, पण घटनात्मक औचित्याचा एक पायंडा पडावा म्हणून स्वीकारतोय. त्यानंतर देशात कुठेही रेल्वे घसरली की तो प्रसंग काढला जातो, आणि काढावाच. शास्त्रीजींच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला मला जागाच दिसत नाही.

पण त्या राजीनाम्यात म्हटलंय काय ते बघा. माझ्या खात्यात घडलं, जबाबदारी माझी. दुसऱ्या कोणाकडेही बोट नाही. विरोधकांचा आवाज बसला, पंतप्रधानांनी कौतुक केलं, सरकारची मान उंचावली, आणि १९५७ च्या निवडणुकीनंतर शास्त्रीजी पुन्हा मंत्रिमंडळात आले, खातं वाहतूक आणि दळणवळण. असा राजीनामा कुठल्याही सरकारला परवडतो. परवडतो कसला, हवाच असतो. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर गृहमंत्रिपद सोडलेले आर. आर. पाटील २००९ च्या निवडणुकीनंतर परत गृहमंत्रीच झाले. आबांबद्दल राग नाही, पण 'नैतिक जबाबदारी स्वीकारून' हा शब्दप्रयोग आपल्याकडे किती गुळगुळीत झालाय याचं हे उदाहरण आहे.

१९५६ च्याच जुलैमध्ये राजीनामा देऊन गेले ते सी. डी. देशमुख.

चिंतामणराव देशमुख म्हणजे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संस्कृतचे पंडित, आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ ला निवडून आले ते कुलाबा मतदारसंघातून (म्हणजे आताचा रायगड, मुंबईतला कुलाबा नव्हे, हा घोळ नेहमी होतो). आयुष्य फायलींत गेलेला माणूस, मैदानात भाषणं ठोकणारा नव्हे. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहणार. मुंबई पेटली, गोळीबार झाले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सगळी मिळून शंभरावर माणसं गेली. आणि त्या रेडिओ भाषणानंतर तीनच दिवसांनी, १९ जानेवारीला, हेच देशमुख अर्थमंत्री म्हणून रेडिओवर आले आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. मी ते दोन दिवस शेजारीशेजारी ठेवून बघतो तेव्हा काही सुचत नाही. एकीकडे आपली माणसं रस्त्यावर मरतायत आणि आपण माइकसमोर बसून शांत आवाजात विमा कंपन्यांबद्दल बोलायचं. पुढे बजेटही मांडलं. राजीनामा संसदेत आला तो जुलैमध्ये.

मधले सहा महिने का, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला असणार. मला स्वतःला ते सहा महिने खटकत नाहीत. रागाच्या भरात दिलेला राजीनामा दुसऱ्या दिवशी मागे घेता येतो, आणि बजेट अर्धवट टाकून जाणारा अर्थमंत्री कोणाला हवाय.

आता निवेदनात ते काय बोलले. मी वाचायला बसलो तेव्हा महाराष्ट्र, मुंबई, मराठी माणसावरचा अन्याय असं काहीतरी धगधगीत असेल अशी अपेक्षा होती, आणि ते आहेही, महाराष्ट्राबद्दल मनात अढी असल्याचा थेट आरोप आहे, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारल्याचा संताप आहे. पण त्याच्या मुळाशी जी तक्रार आहे ती अगदी कारकुनी वाटावी अशी आहे: मुंबईचा एवढा मोठा निर्णय झाला आणि मंत्रिमंडळाला नीट विचारलंच गेलं नाही.

बस एवढंच? मलाही आधी तसंच झालं. मग लक्षात आलं की सगळं इथेच आहे. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, घटनेच्या ७५ व्या कलमात लिहिलंय. म्हणजे आत बसून काय वाटेल ते बोला, भांडा, टेबल आपटा, पण एकदा निर्णय झाला की बाहेर सगळ्यांनी तो आपलाच म्हणायचा. पटत नसेल तर बाहेर. हा सौदा कशाच्या बदल्यात आहे तर आत आपल्याला विचारलं जाईल याच्या. विचारणं बंद झालं की मग उरतं काय, तर दुसऱ्यानं परस्पर ठरवलेल्या गोष्टीवर आपली सही. गोळीबाराचं समर्थन आपल्या नावावर, मुंबई तोडणं आपल्या नावावर, आणि आपल्याला कोणी विचारलंच नाही. जो माणूस आयुष्यभर सही करण्याआधी फाईल वाचत आला त्याला हे सहन होणं शक्यच नव्हतं.

गंमत म्हणजे हा एकटा माणूस नाही. देशमुखांच्या आधी अर्थमंत्री होते जॉन मथाई. ते १९५० ला गेले, कारण नियोजन आयोग नावाची नवी गोष्ट मंत्रिमंडळाच्या शेजारी उभी राहतेय आणि ती समांतर मंत्रिमंडळ होऊन बसेल असं त्यांचं म्हणणं होतं. १९५१ ला गेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचा राजीनामा हिंदू कोड बिलासाठी (हिंदूंच्या विवाह, वारसा वगैरे कायद्यांच्या सुधारणेसाठी) हे आपल्याला माहीत असतं, आणि ते बरोबरच आहे, पण त्यांचं निवेदन सबंध वाचलं तर त्यात अशीही तक्रार आहे की निर्णय आधीच समित्यांमध्ये होतात, मंत्रिमंडळ त्यांची नुसती नोंद करणारं ऑफिस झालंय, आणि त्या समित्यांवर मला कुठे घेतलंच नाही. सहा वर्षांत तीन मोठी माणसं, तिघांचे विषय वेगळे, स्वभाव वेगळे, पार्श्वभूमी तर इतकी वेगळी की विचारू नका, आणि तिघंही म्हणतायत की आम्हाला विचारलं नाही.

आपण तत्त्व तत्त्व म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर काहीतरी भव्य येतं, छातीठोक, पार्श्वसंगीतासकट. प्रत्यक्षात सुरुवात अशा मानापमानासारख्या दिसणाऱ्या गोष्टीतून होते. आणि म्हणूनच राजीनामा देणाऱ्याला 'इगो दुखावला' म्हणून मोडीत काढणं फार सोपं असतं.

बाबासाहेबांचं तर जास्तच, कारण त्यांनी काही लपवलंच नाही. नियोजन खातं देईन असं सांगून दिलं नाही, समित्यांवर घेतलं नाही, हे त्यांनी स्वतः यादीत घातलं. अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष, काश्मीर आणि परराष्ट्र धोरणावरचे मतभेद, आणि शेवटी हिंदू कोड. एखाद्या चतुर सल्लागारानं सांगितलं असतं की साहेब, खात्यांचं काढू नका, नुसतं हिंदू कोड ठेवा, मस्त दिसेल. पण त्यांनी आपला राग आणि आपलं तत्त्व वेगवेगळ्या डब्यात भरून ठेवलं नाही, दोन्ही टेबलावर ठेवलं. मला हे फार मोठं वाटतं. शुद्ध, गाळीव तत्त्वासाठी कोणी काही सोडत असेल यावर माझा फारसा विश्वास नाही, माणूस दुखावतो आणि मग त्याला दिसतं की हे दुखणं फक्त माझं नाही.

आणि त्यांचं हिंदू कोडचं दुखणं तर काय होतं. कित्येक वर्षं त्या बिलावर घालवलेली. सप्टेंबर १९५१ ला ठरलं की सगळं नको, फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग घेऊ. मग थोडी कलमं मंजूर झाली आणि तेही सोडून दिलं. निवडणुका तोंडावर होत्या. आधीच जायचं मनात होतं पण बिलासाठी थांबलो, असं ते स्वतः म्हणतात. स्त्री-पुरुषांतली आणि वर्गावर्गांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत बसणं म्हणजे शेणाच्या ढिगाऱ्यावर महाल बांधणं, हे त्या निवेदनातलं प्रसिद्ध वाक्य. आता ते वाक्य सभागृहात बोलायचं होतं, आणि इथेच खरी गोष्ट घडली.

ऑक्टोबरात बाबासाहेब निवेदन करायला उभे राहायचे, तर पीठासीन उपसभापती म्हणाले की निवेदनाची प्रत आधी द्या, आणि निवेदन संध्याकाळी सहा वाजता करा. प्रत आधी कशाला? ही सेन्सॉरशिप झाली, म्हणाले, आणि सभागृहातून बाहेर पडले. निवेदन बाहेर वृत्तपत्रांना देऊन टाकलं. आज आपण जे वाचतो ते त्यामुळे. राजीनामा झटक्यात स्वीकारला गेला होता, त्यात कोणाला अडचण नव्हती. अडचण कारण ऐकण्याची होती. आजच्या लोकसभेच्या नियमांत १९९ नंबरचा नियम आहे, राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने निवेदन करता येतं आणि त्याची प्रत एक दिवस आधी अध्यक्षांना आणि सभागृह नेत्यालाही द्यावी लागते. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बोलायचंय बहुतेक त्यालाच आदल्या दिवशी पेपर दाखवायचा. ब्रिटनमध्ये इराक युद्धाच्या तोंडावर, १७ मार्च २००३ ला, मंत्री रॉबिन कुक उभे राहिले आणि आपण सरकार का सोडतोय ते सभागृहाला सांगितलं, लोकांनी शांतपणे ऐकलं, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. युद्ध तीन दिवसांनी सुरू झालंच, त्यात काही फरक पडला नाही. पण सांगितलं.

देशमुखांकडे परत. २२ जानेवारी १९५३ ला त्यांचं दुर्गाबाईंशी लग्न झालं, नोंदणी पद्धतीचं, आणि साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत जवाहरलाल नेहरू होते. साडेतीन वर्षांनी त्याच नेहरूंवर त्यांच्यासमोर, भर सभागृहात, हुकूमशाही पद्धतीनं निर्णय घेतल्याचा आरोप करायचा. मला त्या घरात त्या आठवड्यात काय बोलणं झालं असेल याचं राहून राहून कुतूहल वाटतं, दुर्गाबाई स्वतः कमी नव्हत्या, घटना समितीत बसलेल्या बाई. आणि नेहरूंचंही बघा, देशमुख एवढं बोलून गेले आणि त्याच सरकारच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आज कोणी असं बोलून गेला तर त्याच्या घरी काय येईल ते सांगायला नको.

देशमुखांच्या जागी आले टी. टी. कृष्णमाचारी, आणि त्यांचं पद गेलं ते देशमुखांनीच रेडिओवर जाहीर केलेल्या आयुर्विमा महामंडळापायी. मुंदडा प्रकरण. महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये एका उद्योगपतीच्या बुडत्या कंपन्यांमध्ये घातले गेले, फिरोज गांधींनी लोकसभेत ते बाहेर काढलं, न्यायमूर्ती छागलांनी उघड्यावर चौकशी केली आणि सांगितलं की सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही. १९५८ ला राजीनामा. हा तिसराच प्रकार, यात तत्त्व होतं पण ते छागलांचं. कृष्णमाचारी पुढे पुन्हा अर्थमंत्री झाले.

आता मला ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तो प्रश्न. यशवंतराव चव्हाण. देशमुख गेले, यशवंतराव राहिले. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यात निवडायची वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूने असेन अशा अर्थाचं ते बोलले आणि महाराष्ट्रानं त्यांना जे धुतलं त्याला तोड नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक (मराठी-गुजराती एकत्र) मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, म्हणजे ज्या गोष्टीविरुद्ध लोक रस्त्यावर होते तिच्याच खुर्चीवर. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसची दाणादाण उडवली, आणि मग तो आकडा हातात घेऊन दिल्लीला हळूहळू पटवण्याचं काम आत बसून झालं ते यशवंतरावांकडून. १ मे १९६० ला मंगल कलश आणणारेही तेच.

मग महाराष्ट्र कोणी मिळवला? हुतात्म्यांनी, समितीनं, हे तर आहेच. पण गेलेल्या देशमुखांनी जास्त की राहिलेल्या यशवंतरावांनी? दोघं नसते तर? मी यावर मित्रांशी तावातावानं भांडलोय, दोन्ही बाजूंनी, समोर कोण आहे त्यावर अवलंबून. 'आत राहून बदल घडवू' हे पद न सोडणाऱ्या प्रत्येकाचं आवडतं वाक्य असतं, शंभरातले बहुतेक लोक ते स्वतःची समजूत काढायला वापरतात, आणि वैताग असा की यशवंतरावांसारखा एखादा ते खरं करून दाखवतो. मग बाकीच्या सगळ्यांना ते पुढची पन्नास वर्षं पुरतं. बाबासाहेबही आत राहूनच बघत होते की, चार वर्षं. फरक एवढाच धरता येतो की आत राहणाऱ्याच्या हातात मोजून दाखवता येईल असं काही येतंय का. हिंदू कोडचं घोडं पुढे सरकतच नाही हे दिसल्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. आणि तेच कायदे मग १९५५ आणि १९५६ ला तुकड्यातुकड्यानं झाले, विवाह, वारसा, दत्तक, पालकत्व, बाबासाहेब मंत्री नसताना.

राजीनाम्याची वेळ हा भाग मला सायरस व्हान्सनी शिकवला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. १९८० ला तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला लष्करी मोहीम काढायचं अध्यक्ष कार्टरनी ठरवलं, व्हान्सचा विरोध होता. त्यांनी राजीनाम्याचं पत्र २१ एप्रिलला देऊन ठेवलं, मोहीम २४ तारखेला निघाली, वाळवंटात फसली, आठ सैनिक मेले, आणि राजीनामा जाहीर झाला तो त्यानंतर. लोकांना वाटलं अपयशामुळे गेले. पण पत्रावरची तारीख आधीची आहे. मोहीम यशस्वी झाली असती, देशभर फटाके वाजले असते, तरी हा माणूस जाणारच होता, आणि तेव्हा सगळे त्याला वेड्यात काढणार होते. निकाल लागल्यावर राजीनामा द्यायला फार काही लागत नाही.

आणि मधू लिमये. आणीबाणीत लोकसभेची मुदत संसदेनं स्वतःच एक वर्षानं वाढवून घेतली. लिमये तेव्हा तुरुंगात. मार्च १९७६ ला पाच वर्षं पूर्ण झाली तशी त्यांनी तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा दिला, शरद यादवांनीही दिला. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलं होतं, सहाव्या वर्षासाठी मला कोणी विचारलंय? म्हणजे पुन्हा तेच विचारण्याचं, फक्त इथे विचारायचं होतं मतदाराला. तुरुंगात बसलेल्या माणसाच्या खासदारकीनं सरकारचं काय अडत होतं, काहीच नाही. कोणी दखलही घेतली नसेल त्या दिवशी, पेपरवर तर सेन्सॉर होता.

हल्ली असे राजीनामे का होत नाहीत याचं उत्तर लोक 'माणसंच तशी राहिली नाहीत' असं देतात. मला ते आळशी उत्तर वाटतं. आपल्याला विचारलं जाईल अशी अपेक्षाच ज्याच्या मनात नाही तो विचारलं नाही म्हणून का जाईल? मंत्रिमंडळाचा निर्णय मंत्र्यांना टीव्हीवर कळतो आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. पक्षांतरबंदी आली १९८५ ला, त्यामुळे पक्ष सोडला की जागा जाते. मग लोकांनी राजीनाम्याचाच नवा उपयोग शोधून काढला. कर्नाटकात २०१९ ला, मध्य प्रदेशात मार्च २०२० ला, आमदारांनी घाऊक राजीनामे दिले, सरकार पडलं, त्यातले बरेच दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर पोटनिवडणूक लढून परत आले, काही मंत्री झाले. राजीनामा स्वेच्छेनं दिलाय ना हे अध्यक्षांनी तपासायचं, ही तरतूद १९७४ च्या घटनादुरुस्तीतली, गुजरातच्या आंदोलनात आमदारांवर राजीनाम्यासाठी दबाव आला त्यानंतरची. आता ती रिसॉर्टमधून येणाऱ्या फॅक्सवर लावायची वेळ आलीये.

या सगळ्या लोकांचं पुढे काय झालं हेही मी शोधत बसतो, तो दुसरा नाद. बाबासाहेब राजीनाम्यानंतर लगेच १९५२ ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना, आणीबाणीत जगण्याचा हक्क गोठवता येतो की नाही या खटल्यात पाचांपैकी एकटे वेगळा निकाल देणारे, त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं तेव्हा जानेवारी १९७७ ला त्यांनी राजीनामा दिला. १९७९ ला चरणसिंगांनी त्यांना कायदामंत्री केलं तर तिथूनही तीन दिवसांत बाहेर पडले, बहुधा जमलंच नाही त्यांना. १९८२ ला विरोधकांनी राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं, हरले. देशमुखही १९६९ ला राष्ट्रपतिपदासाठी उभे होते, तिसरे आले. विश्वनाथ प्रताप सिंह जिंकले हे खरं, १९८७ ला मंत्रिमंडळातून बाहेर पडून १९८९ ला पंतप्रधान, पण ते बाहेर पडून गप्प बसले नाहीत, तोच राजीनामा घेऊन गावोगाव फिरले. बाकी कोणाला ते जमलं नाही, किंवा करायचं नव्हतं.

लालबहादूर शास्त्री १९६४ ला पंतप्रधान झाले.